उबदार अंथरुणात असता

युद्धावरच्या गाण्यांत आईचा आवाज कुठे असतो, असा प्रश्न एका लेखात वाचला आणि आत काहीतरी हललं. पोलंडचे संगीतकार हेन्रिक गोरेत्स्की यांची १९७६ची तिसरी सिंफनी (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) जरूर ऐका. शेवटच्या भागात एक जुनं लोकगीत आहे. उठावात मारल्या गेलेल्या मुलाला आई शोधतेय. भेटेल त्याला विचारते, पण त्याला कुठे पुरलंय हे कुणीच सांगत नाही. मग तिच्या मनात येतं, कुठल्यातरी खड्ड्यात पडला असेल लेकरू, नाहीतर घरी उबदार अंथरुणात झोपला असता! (गोरेत्स्की स्वतः दोन वर्षांचे असताना त्यांची आई गेली होती.) पोलिश मला अजिबात येत नाही, तरी हुंदका आवरला नाही. वीरमाता म्हणून आपण अशा आईचा सत्कार करतो, रडायला मात्र जागा देत नाही. इथे ती मनसोक्त रडते, आणि शेवटी फुलांना विनवते, त्याच्याभोवती फुला, त्याला शांत झोप लागू दे.