दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न

माझी भाची साडेपाच वर्षांची. परवा तिच्यापुढे सहा निळी आणि सहा पांढरी बटणं समोरासमोर दोन ओळींत मांडली. "कुठली जास्त?" "सारखीच." मग पांढरी बटणं जरा लांब लांब सरकवली आणि परत विचारलं. "पांढरी जास्त."

मी मनातल्या मनात खूश! मुलं कशी विचार करतात याचा अभ्यास करणारा स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे, त्याचा प्रयोग घरात पार पडला. त्याच्या चार अवस्थांपैकी दुसरी, पूर्व-क्रियात्मक अवस्था, वय 2 ते 7. मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते, हे अजून समजत नाही. शिक्षक-प्रशिक्षणात घोकलेला तक्ता जसाच्या तसा डोळ्यांपुढे आला. बटणं डब्यात भरताना सहज म्हटलं, "अगं, आधी सारखी होती, मग जास्त कशी झाली?" तर म्हणते, "मावशी, तू परत विचारलंस ना. मला वाटलं आधीचं चुकलं."

घ्या! मी तिची समज तपासत होते आणि ती माझा चेहरा वाचत होती. बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला की उत्तर बदलायचं, हे मुलं फार लवकर शिकतात. आम्हीच शिकवतो. बरोबर उत्तराला "शाब्बास" आणि चुकीच्या उत्तराला "नीट बघ बरं" हा आमचा वर्षानुवर्षांचा खाक्या.

हे माझ्या भाचीनं पहिल्यांदा दाखवलं असं नाही. 1974 साली रोझ आणि ब्लँक या दोन संशोधक बायकांनी मुलांना प्रश्न एकदाच, बटणं सरकवल्यानंतर विचारून पाहिला आणि चुका कमी झाल्या. त्याच सुमाराला मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी एक खट्याळ टेडी आणला. मोठ्या माणसानं ओळ हलवण्याऐवजी हा टेडी येऊन सगळं विस्कटायचा. 4 ते 6 वर्षांच्या मुलांपैकी कितीतरी जण मग ठामपणे म्हणाले, "सारखीच आहेत." मोठं माणूस मुद्दाम काही हलवतं तेव्हा त्यामागे हेतू असणार, असं मूल धरून चालतं. टेडी काय, मस्तीच करणार.

मग पियाजे चुकला का? असं म्हणणारे भेटले की मला चीड येते. 1920 च्या आसपास हा तरुण पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करत होता. काम म्हणजे बरोबर उत्तरं मोजणं. त्याचं लक्ष मात्र चुकलेल्या उत्तरांत अडकलं. एका वयाची मुलं एकाच पद्धतीनं चुकतात, म्हणजे या चुकांमागे काहीतरी तर्क आहे, हे त्यानं हेरलं. मूल म्हणजे कमी माहिती असलेला छोटा मोठा माणूस नव्हे, ते वेगळ्या रीतीनं विचार करतं, हा त्याचा खरा ऐवज. आम्ही त्यातून काय उचललं? चार अवस्था आणि वयांचे आकडे. परीक्षेत पाच मार्कांना येतात म्हणून.

त्याच आकड्यांचा पुढे ढाल म्हणून उपयोग होतो. मी नोकरी केलेल्या एका शाळेत शिक्षकांच्या खोलीत दिवसातून दोनदा ऐकू यायचं, "त्याची अजून तयारी नाही." एवढं म्हटलं की विषय संपला. मुलाची वाट बघायची, आपण काही करायचं नाही. मला एवढंच म्हणायचंय की तयारी एकट्या मुलाची नसते. प्रश्न कसा विचारला, कोणी विचारला, हातात काय दिलं, यावर ती पुढेमागे सरकते.

इथे रशियन मानसशास्त्रज्ञ वायगोट्स्की कामाला येतो. पियाजे आणि तो, दोघांचाही जन्म 1896 चा. पियाजे 1980 पर्यंत जगला, हा 1934 मध्ये क्षयानं गेला, अवघ्या 37 व्या वर्षी. त्यानं दिलेलं एक उदाहरण मी कधी विसरत नाही. दोन मुलं, चाचणीत दोघंही आठ वर्षांच्या पातळीवर. म्हणजे सारखीच? तर नाही. थोडी मदत मिळाल्यावर एक बारा वर्षांच्या पातळीची गणितं सोडवतो, दुसरा नऊच्या. निकालपत्रक या दोघांना एकच आकडा देणार. शिकवायची जागा मात्र त्या आकड्याच्या पुढे, एकट्यानं जमतं आणि मदतीनं जमतं यांच्या मधल्या पट्ट्यात.

या मदतीला पुढे स्कॅफोल्डिंग म्हणू लागले. शब्द वायगोट्स्कीचा नाही बरं का, वूड, ब्रूनर आणि रॉस यांच्या 1976 च्या लेखातला. मराठीत आपली परांची. पण परांची उतरवायची असते. आमच्याकडे ती इमारतीपेक्षा मजबूत! गाळलेल्या जागा, त्याखाली पर्याय, पर्यायाखाली सूचना, आणि शेवटी उत्तर फळ्यावर. मूल फक्त उतरवून घेतं, आणि त्यालाच आम्ही ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल स्वतः ज्ञान रचतं, असं म्हणतो.

आता एक वजाबाकी. 52 − 27. तिसरीतल्या एका मुलानं उत्तर लिहिलं 35. मी लाल पेन उचलला होता, खरंच. तरी विचारलं, "कसं केलंस रे?" "सातातून दोन गेले, पाच. पाचातून दोन गेले, तीन." "पण दोन वर आहेत ना?" "तुम्हीच म्हणालात बाई, मोठ्यातून लहान वजा करायचं."

म्हणाले होते मी. एक अंकी वजाबाकी शिकवताना, सोपं जावं म्हणून. पोरगं नियम इमानदारीत पाळत होतं.

मग काड्या काढल्या, दहा-दहाचे गठ्ठे बांधले. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. सात सुट्या दे म्हटल्यावर तो थांबला, गठ्ठ्यांकडे बघितलं आणि एकाचं रबर स्वतःच काढलं. हातचा म्हणजे काय, हे मी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. पुढची गणितं करताना तो पुटपुटत होता, "दोनातून सात जात नाहीत, गठ्ठा सोड..." पूर्वी मी "मनात कर" म्हणून दटावलं असतं. पियाजेच्या मते ही स्वतःशीच बडबड म्हणजे आत्मकेंद्री विचाराची खूण, वयाबरोबर विरून जाणारी. वायगोट्स्की म्हणतो, ती विरत नाही, आत जाते आणि विचार बनते. या एका बाबतीत मी डोळे झाकून वायगोट्स्कीच्या बाजूनं. ज्या मुलांचं पुटपुटणं आम्ही बंद करतो, त्यांच्या हातातली काठीच काढून घेतो.

(अर्थात काही मुलांना तर्क कळतो, पण हातचा, उरलेला गठ्ठा आणि मूळ आकडा एवढं सगळं डोक्यात एकाच वेळी मावत नाही. त्यांना काड्या नकोत, कागदावर जास्त जागा हवी. तो वेगळाच विषय.)

चौथ्या गणितानंतर त्यानं मान वर केली. "बाई, दोनातून सात कधीच जात नाहीत का?"

तोंडावर आलं होतं, "ते पुढच्या वर्गात." कुठलाही विषय कुठल्याही वयाच्या मुलाला प्रामाणिक रूपात शिकवता येतो, असं त्याच स्कॅफोल्डिंगवाल्या ब्रूनरनं, या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं, 1960 मध्ये लिहिलं, तेव्हा ते अनेकांना अतिरेकी वाटलं. मलाही वाटायचं. काय करावं ते सुचेना, म्हणून फळ्यावर एक रेघ ओढली, शून्यापासून दहापर्यंत आकडे टाकले आणि त्याला दोनावर बोट ठेवायला सांगितलं. "आता सात उड्या मागे मार."

दोन उड्यांत तो शून्यावर आला. रेघ तिथेच संपत होती. त्यानं माझ्या हातातला खडू घेतला, रेघ डावीकडे लांबवली आणि विचारलं, "इथे काय लिहू?"