टिटोला शस्त्रं स्टालिनने पुरवली? जरा थांबा

‘युगोस्लाव्हियातल्या टिटोच्या पार्टिझानांना पहिल्या दिवसापासून रशियाने शस्त्रं दिली, ब्रिटन-अमेरिका नुसते बघत बसले’ असा एक मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. (पार्टिझान म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मनी-इटलीच्या फौजांशी लढणारे, कम्युनिस्ट नेता टिटोचे गनिमी सैनिक.)

१९४२ च्या सुरुवातीला माँटेनेग्रोतल्या दुर्मितोर डोंगराच्या पायथ्याशी टिटोचे सहकारी मोशा पियादे आणि त्यांचे सोबती महिनाभराहून जास्त काळ रात्र रात्र बर्फात रशियन विमानांची वाट पाहत होते. एकही विमान आलं नाही. त्याआधी सर्बियातल्या उझित्से शहरातल्या कारखान्यात पार्टिझानांनी स्वतःच बंदुका बनवल्या होत्या. पुढे सप्टेंबर १९४३ मध्ये इटली शरण आल्यावर तिच्या सैन्याची बरीच शस्त्रं त्यांच्या हाती पडली.

ब्रिटनही काही धुतल्या तांदळासारखा नाही बरं का! त्याने आधी मिहाइलोविचच्या चेतनिकांना, म्हणजे पार्टिझानांच्या विरोधातल्या राजनिष्ठ गनिमांना, मदत केली. मे १९४३ मध्ये ब्रिटिश अधिकारी डीकिन पॅराशूटने टिटोकडे उतरले, वर्षअखेरीस मित्रराष्ट्रांच्या तेहरान परिषदेत पार्टिझानांना मदत द्यायचं ठरलं आणि मग ब्रिटिशांनी चेतनिकांचा हात सोडला. सोव्हिएत लष्करी पथक टिटोकडे पोचलं ते थेट फेब्रुवारी १९४४ मध्ये. ऑक्टोबरात राजधानी बेलग्रेड मात्र लाल सेना आणि पार्टिझानांनी मिळून सोडवलं, तेवढं श्रेय रशियाचं आहेच.