आयटी पार्क बांधला की पोरं सहा महिन्यांत परत येणार म्हणे

सोलापूरच्या आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज: "सोलापुरात आयटी पार्क बांधा, टॅक्स माफ करा, पुण्यातली आपली पोरं सहा महिन्यांत घरी. पुणं नुसतं चांगल्या हवेवर मोठं झालं. पाच-दहा हजारांसाठी आईबापांना सोडणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे." मावशीने हे वाचून लेकीला फोन केला, दोघी रडल्या. आता बास.

हवेचं आधी उरकते. पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज सीओईपी १८५४ चं, साठच्या दशकात पिंपरीत टेल्को (आताची टाटा मोटर्स), १९८८ ला सीडॅक ही सरकारी कॉम्प्युटर संशोधन संस्था, म्हणजे इंजिनिअर तिथे होतेच, हिंजवडीचा आयटी पार्क नंतर आला.

टॅक्स आणि जागेचं थोडं खरंय, एमआयडीसीने, म्हणजे सरकारच्या औद्योगिक महामंडळाने, जमीन दिली म्हणूनच हिंजवडी उभी राहिली. पण जागा बघून कंपनी येते, माणसं टिकायला वेगळं लागतं.

आता ते लाज वाटण्याचं. मावशीची लेक सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, जावई गाड्यांच्या डिझाइनमध्ये. समजा पार्क झाला, तिला नोकरी लागलीही, जावयाचं काय? आणि उद्या तीच कंपनी बंद पडली तर दुसरी कुठाय? पुण्यात नोकरी गेली तर घर न बदलता, पोराची शाळा न बदलता दुसरी मिळायची आशा तरी असते, म्हणून लोक हिंजवडीचं ते भयंकर ट्रॅफिक सोसून राहतात. यात आईबापांची किंमत नसणं कुठून आलं?

एन्रिको मोरेट्टी नावाच्या अर्थतज्ज्ञाने अमेरिकेतल्या सिएटल शहराचं उदाहरण दिलंय. बोइंग या विमान कंपनीने माणसं काढल्यावर १९७१ मध्ये तिथे पाटी लागलेली, शहर सोडणाऱ्या शेवटच्याने दिवे घालवा म्हणून. १९७९ मध्ये मायक्रोसॉफ्ट अल्बुकर्कीहून सिएटलजवळ आली, तिच्यामुळे सॉफ्टवेअरवाले जमले, ते जमलेले म्हणून १९९४ मध्ये अ‍ॅमेझॉनही तिथेच सुरू झाली. म्हणजे वाईट दिवस आलेलं शहरही उभं राहतं, पण त्याला वर्षं लागली, सहा महिने नाही. आणि हो, मायक्रोसॉफ्ट काढणारे गेट्स आणि अ‍ॅलन स्वतःच्या गावी परतले हे खरं, पण ते मालक होते, कंपनीच सोबत घेऊन आले. पगारावर काम करणारी पोरगी काय आणणार सोबत?

सोलापुरात कंपन्या याव्यात असं मलाही मनापासून वाटतं. पण वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात लहान पोरं घेऊन कोण परत येईल? उजनीसारखं धरण जिल्ह्यात असून ही वेळ, आणि एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये पाण्यावर एक ओळ नाही.