दोष आढळला नाही

सर्व्हिस सेंटरच्या मुलाने काल जाताना माझ्या हातात जो कागद ठेवला, त्यावर 'दोष आढळला नाही' हे आधीपासूनच छापलेले होते. त्याने फक्त समोरच्या चौकोनात खूण केली आणि शेऱ्याच्या जागी स्वतःच्या अक्षरात 'ग्राहकास आवाज जास्त जाणवतो' अशी भर घातली. म्हणजे तपासणी संगणकाची झाली आणि निदान माझे निघाले.

माझा संगणक ऑल-इन-वन आहे. पडद्याच्या पाठीलाच त्याचा सगळा संसार बांधलेला असतो. नागपूरच्या मे महिन्यात सकाळी अकरानंतर तो तापू लागतो, त्याचा पंखा आधी सूं सूं करतो, दुपारपर्यंत त्या सूंचा घूं होतो आणि तीनच्या सुमारास एखादी मोठी फाइल उघडली, की फोनवरचा माणूस "तुम्ही गाडीत आहात वाटतं, नंतर बोलू" असे म्हणून फोन ठेवतो.

तो मुलगा आला सकाळी नऊला. संगणक रात्रभर बंद होता, खोलीत अजून गारवा होता आणि शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर वर्ग बसतो तसे ते यंत्र चिडीचूप बसले. "आवाज कुठे आहे, सर?" त्याने विचारले. मी म्हणालो, "दुपारी येतो." तो म्हणाला, "दुपारी माझा कॉल हिंगण्याला आहे." त्यावर मी एकाच वेळी व्हिडिओ, भलेमोठे स्प्रेडशीट आणि अँटिव्हायरसची तपासणी असे सगळे सुरू करून दिले आणि काही मिनिटांत पंखा बोलू लागला. मुलाने शांतपणे खिशातून मोबाइल काढला. त्यात आवाज मोजण्याचे ॲप होते आणि ते 62 डेसिबल दाखवत होते. "हा तुमच्या कूलरचा आवाज आहे." मी कूलर बंद केला, आकडा 51 वर आला. "हा छताच्या पंख्याचा." मी तोही बंद केला आणि आम्ही दोघे घाम पुसत उभे राहिलो, आकडा 46. "आणि हा?" मी विचारले. "हा बाहेरचा ट्रॅफिक," तो म्हणाला. यंत्राला कान लावून बघ असे मी म्हटले, तेव्हा आवाज एक मीटर अंतरावरूनच ऐकायचा असतो असे सांगून तो मागे सरकत पलंगापर्यंत गेला आणि तिथे त्याला काहीही ऐकू आले नाही.

अशा वेळी तिसऱ्या माणसाचे मत घ्यावे, असा तोडगा त्यानेच काढला. तिसरा माणूस दारातच उभा होता. आमचे शेजारचे काका रोज माझे वर्तमानपत्र वाचायला नेतात आणि शब्दकोडे भरून परत करतात. ते परत करायलाच ते आले होते. मुलाने त्यांना खुर्ची दिली आणि आवाज येतो का ते सांगा म्हणाला.

"कोन्ता आवाज?" काकांनी विचारले.

"पंख्याचा, काका," मी म्हणालो.

"पंखा तर तू बंद करून ठेवला आहेस. गरम होऊन राहिलं ना बाबू, लाव तो!"

तेव्हा माझ्या लक्षात आले, की काकांचे कानाचे यंत्र कानात नसून डबीसकट सदऱ्याच्या खिशात आहे. मी ते दाखवून दिले. काकांनी त्याचे कारण अगदी रास्त सांगितले: घरात दिवसभर कूलर चालतो, तो आवाज वाढवून कशाला ऐकायचा, आणि सेल काही फुकट येत नाहीत. शेवटी न्यायाच्या हिताखातर त्यांनी यंत्र लावले. ते लावताक्षणी एक बारीक, चिरकी शिट्टी वाजू लागली आणि काकांचा चेहरा उजळला. "हां, आता येऊन राहिला! शिट्टी वाजून राहिली!" शिट्टी त्यांच्या यंत्राचीच होती, हे त्यांना समजावून सांगेपर्यंत मुलाने कागदावर 'पंख्यात शिट्टी नाही' अशी नोंद करून टाकली होती. अशी तक्रार कोणी केलीच नव्हती.

मग काका उठले, संगणकामागे गेले आणि वरच्या जाळीवर तळहात ठेवून लगेच उचलते झाले. "अरे, याले तर ताप आहे!" संपूर्ण सकाळीतले एवढे एकच विधान तंत्रशुद्ध होते. पण मुलगा म्हणाला, "तापणं नॉर्मल आहे काका, नवतपा चालू आहे." यावर काका खवळले, कारण नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते सर्वांत तापते नऊ दिवस, 25 मेच्या सुमारास लागतो आणि त्याला अजून अवकाश होता. पुढची बरीच मिनिटे रोहिणी नक्षत्र, यंदाचा वळीव आणि वाळ्याच्या ताट्यांचे भाव यांवर चर्चा झाली, यंत्र मागे घूं करत राहिले आणि शेवटी संगणक उचलून कूलरसमोर ठेवावा यावर त्या दोघांचे एकमत झाले. कूलरच्या हवेबरोबर पाण्याचे तुषार येतात, हे मी बोलून दाखवले. ते एक मीटरवरून कोणालाच ऐकू गेले नाही. काकांनी साक्षीदार म्हणून सहीसुद्धा केली.

आता खरी गोष्ट अशी, की यात गूढ काहीच नाही. पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो, त्यामुळे खोलीत 40 अंश असतील तर मुख्य चिपचा, म्हणजे प्रोसेसरचा, हिशेब 40 पासून सुरू होतो आणि 100 अंशांच्या आसपास ती स्वतःचा वेग कमी करून जीव वाचवते. मोठा पंखा सावकाश फिरून जेवढी हवा ढकलतो तेवढी ढकलायला लहान पंख्याला जीव तोडून फिरावे लागते, आणि त्याच पंख्याचा वेग दुप्पट झाला की आवाज साधारण 15 डेसिबलने वाढतो. पडद्यामागे बोटभर जागा ठेवली तर पंखा लहानच बसणार. यंत्र बारीक दिसावे ही हौस कोणाची आहे, हे मला अजून समजलेले नाही, कारण पडद्याकडे बाजूने बघत कोणी बसत नाही.

ही हौस जुनी आहे. 1980 साली आलेल्या ॲपल थ्री या संगणकात पंखाच नव्हता, कारण स्टीव्ह जॉब्ज यांना पंख्याचा आवाज खपत नसे. परिणामी आतल्या चिप आपल्या जागेवरून सुटू लागल्या आणि यंत्र काही इंच उचलून टेबलावर आपटा, असा सल्ला ग्राहकांना मिळू लागला. 1984 चा मॅकिन्टॉश, जो पडदा आणि संगणक एकाच डब्यात असलेला माझ्या यंत्राचा पूर्वजच म्हणायचा, तोही बिनपंख्याचा होता. त्या घराण्यात पंखा आला तो 1987 च्या मॅकिन्टॉश एसईमध्ये, आणि मग लोकांनी त्याच्या आवाजाबद्दल तक्रारी केल्या. निदान त्या ग्राहकांना आपटायची तरी मुभा होती. माझ्या यंत्राच्या पाठीवर एक चिकटपट्टी आहे. ती फाटली की वॉरंटी गेली, आणि ती न फाडता आतली धूळ काढता येत नाही. प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली असेल तर ती बदलणे दूरच. पैसे मी मोजायचे, धूळ माझ्या घरातली, उकाडा माझ्या गावचा, आणि जाळीच्या आत बघायचा अधिकार मात्र त्या मुलाला, जो आत बघत नाही.

तेव्हा बाहेरून जेवढे होते तेवढे केले. यंत्र भिंतीपासून हातभर पुढे ओढले, ते बंद असताना जाळीवरची धूळ मऊ ब्रशने काढली आणि विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 टक्क्यांवरून 99 वर आणली. हा एक टक्का दिसायला नगण्य आहे, पण त्याने चिपची उसळी मारून वेग वाढवण्याची सवय बंद होते आणि उष्णतेचा मोठा भाग त्या उसळीतूनच येतो. पंखा आता सूंच्या पुढे क्वचित जातो. मोठी फाइल उघडायला वेळ लागतो. म्हणजे ज्या वेगाचे पैसे दिले, तो कमी करून मी शांतता विकत घेतली.

आज सकाळी त्या मुलाचा फोन आला. सेवेबद्दल किती तारे द्याल असा मेसेज येईल, त्यात पाच द्या, चार दिले तरी पगारातून कापतात, असे तो म्हणाला. मी बराच वेळ चिडून बसलो आणि मग पाच दिले. त्याखाली आणखी एक प्रश्न होता: 'आमच्या तंत्रज्ञाने आपले म्हणणे नीट ऐकून घेतले का?' तो भरल्याशिवाय पान पुढे जात नव्हते.