शिट्टी कोणाच्या हातात?

दहावीच्या खेळाडूंना सवलतीचे गुण द्यावेत की नाही, हा वाद महाराष्ट्रात निकालाच्या हंगामात हमखास रंगतो. जर्मनीत बसून तो वाचताना माझी चिडचिड होते. एक बाजू म्हणते, अभ्यास करणाऱ्याच्या तोंडचा घास काढू नका. दुसरी म्हणते, खेळाने नेतृत्वगुण येतात, उद्या हीच मुलं कंपन्या चालवतील. दोघांच्याही लेखी खेळ म्हणजे शेवटी एक कागद, गुणांसाठी नाहीतर सरकारी नोकरीतल्या 5 टक्के आरक्षणासाठी. कागदाला एवढं मोल आलं की ट्रॅम्पोलिनची बनावट प्रमाणपत्रं निघणारच, आणि ती निघालीही. (स्वप्नील कुसाळेसारख्या नेमबाजाला रेल्वेची नोकरी सरावासाठी आधार देते. तो प्रश्न वेगळा आणि रास्त आहे.)

खेळाने नेतृत्व येतं, पण नुसतं खेळून नाही. चौदा ते सतरा या वयात खेळाभोवतीची कुठली जबाबदारी मुलावर पडते, त्यावर पुढचं बरंचसं ठरतं. आणि नेमकं तेव्हाच आपल्याकडे ‘आता दहावी आहे’ म्हणून मैदान बंद होतं.

इथे जर्मनीत फुटबॉलच्या पंचाचा कोर्स बऱ्याच ठिकाणी 12 ते 14 व्या वर्षापासून करता येतो. नियमांची परीक्षा, धावण्याची चाचणी आणि पहिल्या काही सामन्यांना सोबत एक अनुभवी पंच. मग नववीतली पोरगी शनिवारी सकाळी धाकट्या मुलांच्या सामन्यात शिट्टी घेऊन उभी राहते आणि रेषेबाहेरून ओरडणाऱ्या चाळिशीच्या बापाला दूर जायला सांगते. निर्णय क्षणात द्यायचा, दिल्यावर त्यावर ठाम राहायचं, सामना संपला की अहवाल भरायचा. क्लबने ठरलेले पंच पुरवले नाहीत तर दंड पडतो, म्हणून क्लबच पोरांच्या मागे लागतो. प्रशिक्षकाच्या ‘सी’, म्हणजे पहिल्या पायरीच्या, परवान्याला 45 मिनिटांच्या 120 तासिका लागतात, त्याही लोक विशीत करून टाकतात. शिवाय क्लब नोंदवायचा तर किमान सात सभासद हवेत आणि कार्यकारिणी निवडावी लागते. वार्षिक सभेआधी हिशेब तपासनीस पावती-पावती बघतो आणि त्याच्या अहवालानंतरच सभा कोषाध्यक्षाला जबाबदारीतून मोकळं करते. नोकरीच्या अर्जात लोक हे सगळं लिहितात. पंचवीस मुलांचा संघ दोन हंगाम सांभाळलेल्या उमेदवाराला पालकांची भांडणं, रद्द झालेली बस आणि संपलेले पैसे ठाऊक असतात. पदक मिळवलेल्याला ते ठाऊक असतीलच असं नाही.

पण हे जर्मनांकडून शिकावं असं काही नाही. कोल्हापूरच्या पेठांतल्या तालमी हेच करत आल्या. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं, आणि 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळ दाखवले. माझ्या मते आपले खेळ या बाबतीत फुटबॉलपेक्षा सरस आहेत. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मागे वळता येत नाही. गडी मागे निसटला की योग्य दिशेला तोंड करून बसलेल्याला मागून खो द्यायचा आणि आपण लगेच त्याच्या जागी बसायचं. हट्टाने पळत राहिलेला संघाची मिनिटं घालवतो. काम वेळेवर दुसऱ्याच्या हाती सोपवणं पन्नाशीतल्या साहेबांनाही जमत नाही, ते खो-खोपटू पाचवीत शिकतो. कबड्डीत गडी ज्या क्रमाने बाद होतात त्याच क्रमाने जिवंत होतात. हुकमी चढाईपटू तिसरा बाद झाला असेल तर समोरचे तीन गडी टिपल्याशिवाय तो सहसा परत येत नाही, बोनसच्या गुणाने तर कोणीच जिवंत होत नाही. तोवर दुय्यम चढाईपटूवर भरवसा ठेवायचा, आणि दोन चढाया रिकाम्या गेल्यावर, जिच्यात गुण आणावाच लागतो त्या तिसरीला कोणाला पाठवायचं हे कर्णधाराने समोरच्यांची 30 सेकंदांची चढाई संपेपर्यंत ठरवायचं.

शाळेला यासाठी पैसा लागत नाही. कबड्डीच्या एका सामन्याला एक सरपंच (मुख्य पंच), दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक लागतात. म्हणजे नववीची सहा मुलं पाचवी-सहावीचा सामना चालवू शकतात. सहायक गुणलेखकापासून सुरुवात करावी, कारण बाद गड्यांचा क्रम सांभाळला की नियम आपोआप अंगवळणी पडतात. बिघडतं ते दोन ठिकाणी. क्रीडाशिक्षक शेजारी उभे राहून मुलाचा निर्णय फिरवतात, मग त्या पंचाला पुन्हा कोणी मानत नाही. दुसरं, सर्वांत चांगला चढाईपटूच कायम कर्णधार होतो. कर्णधारपद दर तीन सामन्यांनी फिरवावं आणि एकदा तरी ते राखीव गड्याकडे जावं. सवलतीचे गुण द्यायचेच असतील तर हंगामभर पंचगिरी केलेल्यालाही द्या.

हे मी एवढ्या पोटतिडकीने लिहितो त्याचं कारण इथल्या क्रिकेटमध्ये आहे. जर्मनीतलं क्रिकेट मुख्यत्वे भारतीय, पाकिस्तानी आणि अफगाण मुलांनी जिवंत ठेवलंय. रविवारी खेळायला आमची मराठी इंजिनिअर मंडळी हौसेने येतात. कोषाध्यक्ष व्हा, पंचाची परीक्षा द्या, नगरपालिकेकडे मैदानासाठी अर्ज करा म्हटलं की नजरा खाली जातात. वेळ नाही हे कारण सगळे देतात, मीही देतो. खरं कारण असं की परक्या भाषेत सभेपुढे उभं राहून हिशेब मांडायची भीती वाटते. हा गाव आपला नाही असं आम्ही म्हणत राहतो, आणि ज्या सभेत तो आपला होऊ शकतो तिथे मागच्या रांगेत बसतो.