बालवाडीच्या ताईला कॉलेज कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

बालशिक्षणाच्या पदवीत नृत्यही हवं आणि रेमेडियलचे, म्हणजे शाळेत कच्च्या राहिलेल्या गणित-भाषेच्या उजळणीचे, तासही हवेत, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि परखड लिहिलंत, त्याबद्दल आभार. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचे मुद्दे थोडक्यात देते. अठरा वर्षांच्या मुलीला कॉलेजात अपूर्णांक शिकवणं म्हणजे कॉलेजचा दर्जा घालवणं. अमेरिकेत, तुमची मुलगी राहते त्या कॅलिफोर्नियातच, कम्युनिटी कॉलेजांनी, म्हणजे तिथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांनी, असे वर्ग गुंडाळले. नृत्य गुरूकडे शिकावं, क्रेडिटसाठी नाही. लहान मुलांना माया लागते, पदवीधर बाई नाही. आणि एवढं शिकून तिला पगार किती मिळणार?

गणिताची उजळणी, नृत्य आणि बालशिक्षण हे तुम्ही तीन वेगवेगळे विषय धरलेत. मी शिकवते त्या वर्गात ते एकाच मुलीत एकत्र भेटतात. ती बारावी झालेली असते, बहुतेक वेळा घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. तिला तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवायचं असतं. बाजारात पाऊण किलो आणि सव्वा किलोचा हिशेब ती तोंडी करते, पण फळ्यावर ३/४ लिहिलं की मान खाली जाते. ही मुलगी अपवाद नाही. मुलांना वाचन-गणित किती येतं याची गावोगावी पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी होती. त्यातल्या साधारण पाव मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नाही आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं निम्म्याहून जास्त मुलांना जमलं नाही. हीच मुलं बारावी होऊन आपल्या दारात येतात. त्यांना 'हे तुला आधीच यायला हवं होतं' असं सांगून वर्गात बसवायचं आणि तीन वर्षांनी तसंच बाहेर सोडायचं, यात कुठला दर्जा राहतो? दर्जा पदवी देताना राखायचा असतो.

कॅलिफोर्नियाचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं, कारण ते माझ्याच बाजूचं आहे. तिथे पूर्वी प्रवेशाच्या वेळी चाचणी घेऊन मुलांना रेमेडियलच्या रांगेत उभं करत. एकामागून एक सत्रं जायची, पदवीसाठी त्यांचं क्रेडिट धरलं जायचं नाही आणि खऱ्या कॉलेज गणितापर्यंत पोचण्याआधीच कितीतरी जण गळायचे. २०१७ मध्ये कायदा झाला, की विद्यार्थ्याला पहिल्या वर्षातच कॉलेजच्या पातळीचं गणित आणि इंग्रजी पूर्ण करण्याची जास्तीत जास्त संधी मिळाली पाहिजे. म्हणजे वाटेतलं फाटक काढलं. मदत काढली नाही, ती मूळ विषयाच्या जोडीला आणली. मीही तेच मागते आहे: बालशिक्षणाचा अभ्यास पहिल्या दिवसापासून आणि त्याच आठवड्यात गणित-भाषेची उजळणी. जिला स्वतःला संख्यांची धास्ती आहे, ती तीन वर्षांच्या मुलापुढे मण्यांची टोपली ठेवताना ती धास्तीही पुढे सरकवते, हे मी पाहते.

आता नृत्य. कथक किंवा भरतनाट्यम गुरूशिवाय येत नाही, हे मला शंभर टक्के मान्य. पण गुरू आणि विद्यापीठ यांत वैर असल्यासारखं तुम्ही लिहिलंत, ते पटलं नाही. कनक रेळे यांनी मुंबईत नालंदा नृत्यकला महाविद्यालय उभं केलं आणि तिथे मुंबई विद्यापीठाची पदवी मिळते. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ चं, आणि ते आजही आपल्या नावापुढे 'गुरुकुल' लावतं.

तरीही माझ्या विद्यार्थिनीला रंगमंचावर जायचं नाही. तिला लय हवी आहे आणि स्वतःच्या शरीराचा संकोच जायला हवा आहे. चार वर्षांचं मूल एक ते दहा घडाघडा म्हणतं, पण समोरच्या बिया मोजायला सांगितल्या तर बोट एका बीवर आणि तोंडातला आकडा तिसऱ्यावर. एका पावलाला एक टाळी, एका टाळीला एक आकडा, हे अंगात बसलं की मोजणं बसतं. वर-खाली, डावं-उजवं, हळू-जलद हेही आधी पायांना कळतं. आणि ढोलकी थांबली की जागच्या जागी थांबायचं, या खेळात मूल स्वतःला आवरायला शिकतं. आता तुमच्या अपूर्णांकांकडे येते. तीनतालाच्या १६ मात्रा, म्हणजे ठोके, हातावर धरायच्या आणि बोल दुगुणीत, म्हणजे दुप्पट वेगात, म्हणायचे: प्रत्येक बोलाला अर्धी मात्रा. चौगुणीत, म्हणजे चौपट वेगात, पाव. चौगुणीचे तीन बोल झाले की पाऊण मात्रा भरली. फळ्यावरच्या ३/४ ला घाबरणाऱ्या मुलींना ते इथे कळताना मी पाहिलं आहे. गणिताच्या माणसाला याचा आनंद व्हावा.

मायेचा मुद्दा मला सर्वांत जास्त लागला. महाराष्ट्रात बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडकांना पदवी कुठे होती, असं तुम्ही विचारलंत. होती. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या, राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य होत्या आणि मग भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करून बालशिक्षण शिकल्या. १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू झालं, त्यांच्या सहकारी अनुताई वाघ तिथे आल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांच्या अंगणात शाळा भरली. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पानं, काटक्या आल्या. पण लाकडी ठोकळ्याच्या जागी कोणती बी चालेल हे ठरवायला, तो ठोकळा मुलाला नेमकं काय शिकवतो हे आधी माहीत असावं लागतं. ही माया शिकलेली होती.

उलटं अक्षर काढणारं चार वर्षांचं मूल बिनघोर सोडावं, पण हाक मारूनही वळून न पाहणाऱ्या मुलाची श्रवणचाचणी लगेच करून घ्यावी, हे नुसत्या मायेला कसं कळणार? घरात कोरकू बोलणाऱ्या मुलाशी पहिले काही महिने कोणत्या भाषेत बोलायचं, तीन वर्षांच्या हातात पेन्सिल का द्यायची नाही आणि त्यावर चिडलेल्या पालकांना काय सांगायचं, हे शिकावंच लागतं.

पगाराबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते खरं आहे आणि त्याचा मला संताप येतो. अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि सेविकेला मिळतं ते आजही 'मानधन'. अंगणवाडी ताईंना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावं लागलं. नव्या शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या सेविकेसाठी सहा महिन्यांचं प्रमाणपत्र आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी वर्षाची पदविका सुचवली आहे, तीही मोबाइल आणि टीव्हीवरून. फोनकडे बघून कुणी टाळी आणि पाऊल जुळवायला शिकत नाही. कामाला शिक्षण लागत नाही असं आपण म्हणत राहिलो, की त्याला पगार लागत नाही असं सरकार आणि खासगी नर्सरीचे मालक म्हणणारच. म्हणून तुमचा प्रश्न मी पदवीच्या विरोधात धरत नाही, पगारवाढीच्या मागणीत धरते.

एक विनंती आहे. तुम्ही आयुष्यभर गणित शिकवलंत. भागाकाराला घाबरणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलींना, त्यांचा अपमान न होता, सुरुवात कुठून करून द्यावी, हे तुमच्याकडून वाचायला मला मनापासून आवडेल. तुम्ही लिहिलंत तर ते इथेच स्वतंत्र लेख म्हणून लावीन आणि माझ्या वर्गात वापरीन.