हवा दिसत नाही ती रेणू लहान म्हणून नव्हे

हवा का दिसत नाही, यावर एका लेखात म्हटलंय, हवेचे रेणू फार बारीक, म्हणून हवा दिसत नाही. हे अर्धंच खरं आहे. क्लोरीनचे रेणूही तितकेच बारीक, तरी तो वायू पिवळट हिरवा दिसतो. खरी गोष्ट प्रकाशाची आहे. हवेत सुमारे 78 टक्के नायट्रोजन आणि 21 टक्के ऑक्सिजन. आपल्या डोळ्यांना साधारण 400 ते 700 नॅनोमीटर लांबीच्या लहरी दिसतात आणि हे दोन्ही वायू त्या जवळजवळ शोषतच नाहीत. प्रकाश आरपार जातो, मग डोळ्याला कळणार काय? थोडा निळा प्रकाश मात्र विखुरतो. मैलोन् मैल हवा साठली की त्याचंच निळं आकाश होतं.

माझं लहानपण सोलापुरात चादरीच्या मागाशेजारी गेलं. पत्र्याच्या भोकातून कवडसा पडायचा आणि त्यात कापसाची तुसं गरगरत वर चढायची, दार उघडलं की सगळी एका बाजूला पळायची. वारा मी पहिल्यांदा पाहिला तो तिथे. अर्थात दिसत होती ती तुसंच.

आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी विजापूर रोडवर उभं राहून बघा. डांबरावर समोरचा ट्रक पाण्यात असल्यासारखा थरथरतो. तापलेली हवा विरळ, वरची दाट, त्यामुळे प्रकाश वाकत येतो. मुलांना हे जरूर दाखवा, फक्त डोक्याला रुमाल बांधून न्या.